एकतीस ओळींची यादी

घरातून डबे देण्याचा व्यवसाय मी पुण्यात, कर्वेनगरमध्ये, ११ वर्षे केला. २०२२ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या एका आतल्या गल्लीत, निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, ९०० चौरस फुटांचा गाळा थाळीच्या उपाहारगृहासाठी भाड्याने घेतला. स्वयंपाक आपल्याला येतो, माणसे आपल्याकडे आहेत आणि गिऱ्हाईकही थोडेफार ओळखीचे आहे, म्हणजे आता शेगड्या आणि टेबले तेवढी घ्यायची राहिली, अशी तेव्हा माझी समजूत होती. त्या ‘तेवढ्या’ला साडेचार महिने लागले, आणि उद्घाटनानंतर पुन्हा एकदा हात पोळून घ्यावे लागले ते वेगळेच.

हॉटेलच्या यंत्रसामग्रीच्या पहिल्या विक्रेत्याकडे मी कोरी पाटी घेऊन गेले, इथेच पहिली चूक झाली. त्याने गाळ्याचे माप विचारले, खुर्च्या किती ते विचारले आणि चहा येईपर्यंत संगणकावर ३१ ओळींची यादी तयार केली. तीत तीन बर्नरची रेंज, म्हणजे मोठी शेगडी होती, चायनीज रेंज होती, डोशाची भट्टी, बटाटे सोलण्याचे यंत्र, कणीक मळण्याचे यंत्र, सॅलॅमँडर, चार दारांचा उभा फ्रिज, बेन-मारी (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवण्याची पेटी) आणि निरनिराळ्या मापांची सहा टेबले होती. सॅलॅमँडर म्हणजे वरून धग देणारी शेगडी. पदार्थावरचे चीज वितळवायला ती वापरतात. आमच्या थाळीत चीज कुठे येते, असे मी विचारले, तेव्हा ‘मॅडम, उद्या मेनू वाढवालच की,’ असे उत्तर मिळाले. बेरीज ८,४०,००० रुपये झाली होती आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ९,९१,२०० रुपये. आमची तयारी सात लाखांची होती.

हा कर पुढे वजा करून मिळेल, असे मी धरून चालले होते, कारण माझ्या भावाच्या कारखान्यात तसा मिळतो. आमच्या सीएंनी तो गैरसमज दूर केला. नोव्हेंबर २०१७ पासून आमच्यासारखी साधी उपाहारगृहे गिऱ्हाइकाकडून ५ टक्केच कर घेतात, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही; त्यामुळे यंत्रसामग्रीवर भरलेले १८ टक्के सरळ खर्चातच जमा धरावे लागतात. कर्जाचीही अशीच एक गाठ होती. मुद्रा योजनेच्या तरुण गटातून, म्हणजे ५ ते १० लाखांच्या टप्प्यातून, कर्ज मंजूर झाले, परंतु बँक ते पैसे माझ्या हातात न देता थेट विक्रेत्याच्या खात्यात भरणार होती आणि त्यासाठी जीएसटी क्रमांक असलेले कोटेशन हवे होते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जुनी वस्तू कर्जाच्या पैशांतून घेता येत नाही. नवे ते कर्जातून आणि जुने ते पदरच्या पैशांतून, अशी विभागणी तिथेच ठरून गेली.

यादीला कात्री लावायची तर ती कशाच्या आधारावर, हा प्रश्न होता. चार दिवस मी वही घेऊन बसले आणि दुपारच्या तीन तासांचा हिशेब मांडला. बसायला ४२ खुर्च्या. दुपारी सुमारे ११० थाळ्या गेल्या तर गाडी चालणार होती. डब्यांच्या अनुभवावरून निम्म्याहून थोडे अधिक लोक भाकरी मागतील असे धरले, म्हणजे ६० थाळ्यांना प्रत्येकी दोन, एकूण १२० भाकऱ्या. त्या तीन तासांत सारख्या वाटल्या जात नाहीत. निम्मी गर्दी एक ते दोन या तासात येते. एका तव्यावर तासाला, हात कितीही सराईत असला तरी, २२ ते २५ भाकऱ्या निघतात, कारण तव्यावरची दोन मिनिटे आणि आचेवरचे अर्धे मिनिट कोणालाही वाचवता येत नाही. म्हणजे तासाला ६० भाकऱ्यांसाठी तीन तवे हवेत. पोळ्यांचे तसे नाही. त्या थोड्या आधी करून फडक्यात राहतात, त्यांना एक मोठी प्लेट पुरते. भाजी-आमटीला दोन मोठे बर्नर, भाताला एक, तळणीला एक. हा हिशेब कागदावर आल्याबरोबर यादीतल्या नऊ ओळी आपोआप गळाल्या, आणि ज्या वस्तूवर आमची सगळी भिस्त असणार होती ती, भाकरीच्या तीन तव्यांची शेगडी, मूळ यादीत नव्हतीच, हेही कळले.

विक्रेत्याचे म्हणणे असे, की भाकरीला वेगळे काही लागत नाही. चपातीची भट्टी घ्या, तिच्यात जाड लोखंडी प्लेट आहे आणि शेजारी फुलवण्याची जाळी आहे. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भाकरी करणाऱ्या दोघी मावशींना रिक्षात घालून त्याच्या शोरूममध्ये घेऊन गेले. सोबत आमची परात, दोन किलो ज्वारीचे पीठ आणि थर्मासमध्ये कढत पाणी घेतले होते. शोरूममधल्या माणसांनी हे कधी पाहिले नसावे, कारण कामे टाकून सगळे भोवती जमले. थोरल्या मावशींनी परात त्या चकचकीत टेबलावर ठेवली, पीठ मळले आणि भाकरी थापायला सुरुवात केली. दुसऱ्याच भाकरीला त्या थांबल्या आणि टाचा उंचावून उभ्या राहिल्या.

“ताई, एवढ्या उंचावर थापायला लागले, तर संध्याकाळपर्यंत खांदे राहायचे नाहीत,” त्या म्हणाल्या.

टेबलाची उंची ३४ इंच होती. या धंद्यातली टेबले आणि रेंज साधारण याच उंचीची असतात आणि ती कोणासाठी ठरवली गेली असावी, याचा विचार मी तोवर केला नव्हता. मावशींची उंची चार फूट दहा इंच. ३४ इंचांच्या टेबलावर चार इंच काठाची परात ठेवली, की काठ ३८ इंचांवर जातो, म्हणजे त्यांच्या कोपराच्याही वर. भाकरी थापताना अंगाचा भार तळव्यातून खाली जावा लागतो. हात कोपराच्या वर गेला की तो भार खांद्याला पेलावा लागतो. घरी त्या बसून थापत, त्यामुळे हा प्रश्न कधी उद्भवलाच नव्हता. चपातीच्या प्लेटवरही फारसे बरे निघाले नाही. जाड प्लेट तापायला वेळ घेते आणि एकदा पाणी लावलेल्या भाकऱ्या पाठोपाठ पडू लागल्या, की तिथली जागा निवते. तिसरी भाकरी पांढुरकी राहिली आणि कडेने चिरली. विक्रेत्याने ती खाऊन पाहिली आणि छान झाल्याचे सांगितले. तो पश्चिम महाराष्ट्रातला नसावा, असे धाकट्या मावशींचे मत पडले.

शेवटी भाकरीची शेगडी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारागिराकडून बनवून घेतली. थापण्याचा ओटा २६ इंचांचा, त्याला लागून तीन बर्नरची बुटकी शेगडी, तव्याचा काठ जमिनीपासून २८ इंचांवर, आणि प्रत्येक तव्याच्या बाजूला भाकरी आचेवर धरायला उघडी जाळी. तवे बिडाचे घेतले. ओट्याच्या कडेला पाणी धरून ठेवणारी छोटी कड मागितली होती, ती त्याने आठवणीने केली. नेहमीच्या तयार शेगडीपेक्षा ही सुमारे ११,००० रुपयांनी महाग पडली. साडेसात लाखांच्या आसपास जो एकूण खर्च पुढे झाला, त्यातली सर्वांत उपयोगी ११,००० मी हीच समजते.

स्टीलच्या बाबतीत मात्र आमच्या घरातले ज्ञान कामी आले. आमचे हे पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आहेत आणि मायक्रोमीटर खिशात ठेवून फिरण्याची त्यांची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. कोटेशनांत ‘३०४ ग्रेड, १६ गेज’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. १६ गेज म्हणजे पत्र्याची जाडी साधारण दीड ते १.६ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे सुमारे १.२, आणि २० गेज म्हणजे त्याहूनही पातळ, एक मिलिमीटरच्या आत-बाहेर. हाताने दाबून हा फरक कळत नाही, कारण टेबलाच्या पोटाला पट्ट्या जोडून ते भक्कम केलेले असते. ग्रेडची गोष्ट आणखी फसवी. लोहचुंबक लावून पाहा, चिकटला नाही की अस्सल, असा सल्ला मला तीन जणांनी दिला होता. तो अपुरा आहे. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून त्याची भरपाई मँगनीजने केलेली असते, आणि चुंबक या दोन्हींना चिकटत नाही. चुंबकाने फक्त ४३० सारखे, जवळजवळ बिननिकेलचे स्टील वेगळे काढता येते. २०२ ओळखायचे तर तपासणीच्या द्रवाचा थेंब पत्र्यावर टाकून त्याला छोट्या बॅटरीचा स्पर्श द्यायचा. काही सेकंदांत थेंब लालसर झाला, की निकेल कमी आहे असे समजायचे. ही बाटली दोन-तीनशे रुपयांना मिळते आणि विक्रेत्याच्या टेबलावर ती नुसती काढून ठेवली तरी बोलण्याचा सूर बदलतो.

माल आला त्या दिवशी ह्यांनी गाडीतून उतरवलेल्या पहिल्याच टेबलाच्या कडेला मायक्रोमीटर लावला. १.१८ भरले. दुसरे १.२०. बिलात १६ गेज लिहिलेले होते. गाडीबरोबर आलेल्या मुलाला यात काय बोलायचे ते कळेना, त्याने मालकाला फोन लावून दिला, आणि मालकाने आधी ‘पॉलिश करताना झिजते’ असे सांगून पाहिले. ०.४ मिलिमीटर पॉलिशमध्ये झिजायचे म्हणजे टेबल महिनाभर घासायला हवे, असे ह्यांनी अत्यंत शांतपणे त्याला सांगितले. वाद वाढवण्यात अर्थ नव्हता, कारण उद्घाटनाची तारीख जवळ आली होती आणि कामाच्या टेबलाला १८ गेज खरे तर पुरते. आम्ही टेबले ठेवून घेतली, किंमत १८ गेजची लावून घेतली आणि सिंक मात्र परत पाठवले, कारण थेंब तिथे लाल झाला होता. चिंच, आमसूल आणि मीठ यांच्या सततच्या संगतीत २०२ चे सांधे आधी तांबूस होतात आणि मग तिथूनच गंजतात. ज्या जागी पाणी आणि आंबट एकत्र येते तिथे ३०४, बाकी ठिकाणी परवडेल ते, असा आमचा नियम तेव्हापासून झाला.

गॅसच्या बाबतीत विक्रेत्यापेक्षा नियम आधी वाचले, हे बरे झाले. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो. विक्रेत्याने तीन चालू आणि तीन राखीव अशी सहा सिलिंडरांची जोडणी सुचवली होती. ती ११४ किलो होते. १०० किलोंपेक्षा जास्त एलपीजी साठवायचा तर पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, परवाना लागतो. आम्ही दोन चालू आणि दोन राखीव असे चारच ठेवले. एकाच वेळी दोन सिलिंडर चालू ठेवण्याचे कारण पहिल्या डिसेंबरात प्रत्यक्ष दिसले. द्रवाचा वायू होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढून घेतो, आणि सगळे बर्नर एकाच सिलिंडरवर चालवले, की पहाटे त्याच्या अंगावर पांढरे दव गोठते आणि आत गॅस असूनही ज्योत बसते. सिलिंडरचा पिंजरा मागच्या अंगणात जिथे आखला होता, तिथून चार फुटांवर सांडपाण्याचे चेंबर होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली, तर तो खोलगट जागेत जाऊन साठतो. म्हणून पिंजरा पलीकडच्या बाजूला नेला आणि पिवळा पाइप १४ फुटांनी वाढला. तेव्हा सिलिंडर २,३०० रुपयांच्या आसपास होता, त्यामुळे या पाइपाच्या खर्चाची कुरकुर मी बरीच केली, हेही नोंदवून ठेवते.

आता हात पोळल्याची गोष्ट. शेगड्या, टेबले, फ्रिज यांवर मी महिने घालवले आणि धूर बाहेर नेण्याची व्यवस्था एका बैठकीत ठरवून टाकली. हूड (शेगड्यांवरचे धूर गोळा करणारे छत), डक्ट (धूर बाहेर नेणारा नळ) आणि ब्लोअर (हवा ओढणारा पंखा) मिळून ९२,००० रुपयांचे कोटेशन होते. हूड सुबक होता, आत तिरप्या पट्ट्यांचे बॅफल फिल्टर होते, तेल गोळा होण्याची पन्हळ होती. ब्लोअरवर २,००० सीएफएम, म्हणजे मिनिटाला २,००० घनफूट हवा, असे लिहिले होते आणि हा आकडा मोठा आहे की लहान, हे मला ठाऊक नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही सुरू केले. तिसऱ्या दिवशी दुपारी मिसळीच्या कटाची फोडणी बसली आणि पाचव्या मिनिटाला बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकांना ठसका लागला. एका कुटुंबाने थाळी अर्धी टाकून हात धुतले. त्याच संध्याकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि त्यांच्या देवघरापर्यंत लसणाचा वास येतो, असे त्यांनी अतिशय सौम्य शब्दांत सांगितले. चिडून बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

विक्रेता दोन वेळा माणूस पाठवतो म्हणाला आणि एकदा पाठवलाही. त्याने फिल्टर धुऊन परत बसवले आणि तो गेला. मग ओळखीतून एक वयस्कर डक्ट-मिस्त्री मिळाले. त्यांनी आल्याबरोबर माझ्याकडे उदबत्ती मागितली. मला वाटले, कामाला हात लावण्याआधी देवाला लावायची असेल. त्यांनी ती पेटवली आणि हूडच्या काठाखाली एक-एक फूट सरकवत नेली. मधोमध धूर वर जात होता, दोन्ही टोकांना तो घुटमळून बाहेरच्या बाजूला, म्हणजे जेवणाऱ्यांकडे, वळत होता. मग त्यांनी मागचे दार उघडायला सांगितले. दार उघडताच धूर सगळीकडे सरळ वर जाऊ लागला. “तुमच्या खोलीला नाक आहे, पण श्वास घ्यायला तोंड नाही,” ते म्हणाले.

त्यांनी केलेला हिशेब मी वहीत उतरवून घेतला. हूड ८ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद, म्हणजे २८ चौरस फूट. दर चौरस फुटाला मिनिटाला निदान १०० घनफूट हवा ओढली जायला हवी, म्हणजे २,८०० सीएफएम. आमच्या ब्लोअरवरचा २,००० हा आकडा मोकळ्या हवेतला होता. आमचा डक्ट तीन मजले चढून गच्चीच्या कठड्याच्या वर जातो आणि वाटेत तीन काटकोनी वळणे घेतो. एवढ्या लांबीत आणि वळणांत जोर बराच खर्च होतो, त्यामुळे प्रत्यक्षात ओढली जाणारी हवा त्याहूनही कितीतरी कमी. शिवाय जेवढी हवा बाहेर जाईल, तेवढी कुठूनतरी आत यावी लागते. आम्ही वातानुकूलनासाठी सगळ्या फटी बंद केल्या होत्या. पुढचे दार उघडायला गिऱ्हाइकांना जोर का लावावा लागतो, हे कोडे गेले आठ दिवस मला पडले होते, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

उपाय तिहेरी होता. दोन अश्वशक्तीचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर गच्चीवर रबरी पायांवर बसवला, एक काटकोन काढून तिथे गोलाईचे वळण दिले, आणि बाहेरची ताजी हवा स्वयंपाकघरात सोडणारा लहान पंखा लावला. बाहेर जाणाऱ्या हवेच्या सुमारे ८० टक्के हवा हा पंखा देतो. उरलेली जेवणाच्या खोलीतून ओढली जाते, त्यामुळे वास स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांकडे न येता आतच ओढला जातो. हूडही नऊ इंचांनी खाली घेतला. ५८,००० रुपये आणि सहा दिवसांचा बंद. एकूण दीड लाख, म्हणजे सगळ्या शेगड्या मिळून जेवढे झाले त्याहून जास्त, केवळ धुरासाठी गेले. आधीच्या विक्रेत्याने जुना ब्लोअर परत घेतला नाही. तो अजून माळ्यावर आहे.

जुन्या सामानाची खरेदी या सगळ्याच्या आधीची. २०२१-२२ मध्ये पुण्यात टाळेबंदीनंतर बंद पडलेल्या हॉटेलांचे सामान गोदामांतून भरलेले होते. हडपसरजवळच्या एका गोदामात आम्ही दोन दिवस हिंडलो. रॅक, टेबले, पराती, भांडी ठेवायच्या जाळ्या, सगळे एकावर एक रचलेले. एका फ्रीझरच्या दारावर आतून चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत ‘शनिवार – वाटण’ असे लिहिलेले होते. अक्षर वळणदार होते. मी तो फ्रीझर घेतला नाही, त्याचे कारण मात्र वेगळे आहे: ज्याला मोटर किंवा कॉम्प्रेसर आहे आणि ज्याच्यातून गॅस जातो, ते जुने घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवून गेलो होतो. कॉम्प्रेसरचे वय बाहेरून दिसत नाही. तिथून आम्ही चार रॅक, दोन टेबले, भाताची दोन जाड बुडाची पातेली आणि वजनकाटा ठेवायचे एक स्टँड घेतले, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत, आणि प्रत्येकावर ह्यांनी मायक्रोमीटर लावला. एका हॉटेलातली जुनी टेबले खरोखरीच १६ गेजची निघाली. तांबट आळीत जाऊन आमटीसाठी पितळी पातेलेही पाहिले होते, पण चिंच-गुळाच्या आमटीला कल्हई शाबूत हवी आणि दर दोन महिन्यांनी कल्हई कोण करणार, या प्रश्नावर तो मोह आवरला.

फ्रिज नवा घेतला, दोन दारांचा उभा. चार दारांचा घेण्याइतके शिळे आम्हाला ठेवायचेच नव्हते. दोन गोष्टी पाहिल्या. कॉम्प्रेसर वरच्या बाजूला असावा, कारण खाली असला की पीठ आणि तेलाचा थर त्याच्या जाळीवर बसतो. आणि दाराचे रबर घट्ट असावे. रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचे आणि ओढून पाहायची. सहज निघाली तर थंडीही तिथून निघणार. अन्नपरवान्याच्या अटींनुसार थंड अन्न ५ अंश सेल्सिअसच्या खाली आणि गरम ६० च्या वर राहायला हवे, म्हणून मूळ यादीतली बेन-मारी मी काढली नाही.

सिंकबद्दल एकच सांगते. आम्ही १८ इंची चौकोनी भांडे असलेली तीन सिंकची जोडी घेतली आणि सगळ्यात मोठे पातेले २२ इंच व्यासाचे आहे, हे कोणीच मोजले नाही. पहिले पंधरा दिवस ते पातेले मागच्या अंगणात घासले. शेवटी कोपऱ्यात कोटा दगडाची, गुडघाभर कठड्याची, उतार दिलेली मोरी बांधून घेतली. गवंड्याची मजुरी आणि माल मिळून ७,५०० रुपये झाले, आणि भांडी घासणाऱ्या मुलाला स्टीलच्या सिंकपेक्षा तीच अधिक आवडते.

कणीक मळण्याचे यंत्र मात्र मोहापायी घेतले गेले. दहा किलोचे आहे. तीन किलोंपेक्षा कमी पीठ टाकले तर ते भांड्याच्या कडेला चिकटून नुसते फिरते, आणि एका वेळी दहा किलो मळून ठेवले तर दुपारपर्यंत कणीक सैल पडते. मावशी अजूनही हातानेच मळतात. दिवाळीत शंकरपाळ्यांच्या ऑर्डरी येतात तेव्हा यंत्रावरचे फडके निघते.

आता आमच्या गल्लीत पाइप गॅसची वाहिनी आली आहे आणि जोडणीचा अर्ज भरला आहे. तो गॅस हवेपेक्षा हलका असतो, म्हणून गळती सांगणारे यंत्र जमिनीजवळून काढून छताजवळ लावावे लागेल, आणि त्याचा दाब आणि तेवढ्याच गॅसची उष्णता दोन्ही कमी असल्यामुळे प्रत्येक बर्नरचे जेट बदलून मोठ्या भोकाचे बसवावे लागतील. भोसरीच्या कारागिराशी बोलून झाले आहे. सोमवारी आमची सुटी असते, त्या दिवशी सकाळी तो येईल. आधी भाकरीचे तीन बर्नर करून घ्यायचे आणि मावशींनी त्यांच्यावर भाकरी फुलवून पाहिल्याशिवाय उरलेल्यांना हात लावायचा नाही, एवढे त्याला सांगून ठेवले आहे.